फिलूमावशीची चिंबोरी

फिलूमावशीने दिलेली इडली आधी नाकाशी न्यायची आणि मगच तोंडात घालायची, ही सवय मला गिरीज गावात राहत असताना लागली. तिच्या इडलीपात्राला दोन नोकऱ्या होत्या. सकाळी इडल्या, दुपारी नट-बोल्ट. एकदा माझ्या इडलीच्या पोटातून चक्क वॉशर निघाला. मी तो बशीच्या कडेला ठेवून तिच्याकडे रागाने बघितलं, तर ही बाई खजील व्हायची सोडून आनंदाने ओरडली, "अरे देवा, गावला! कालपासून शोधते मी!" वॉशर धुऊन घेऊन ती अंगणात पसार झाली. उरलेली इडली मी चटणीत बुडवून खाल्ली. घरमालकिणीशी भांडून कुणाचं भलं झालंय?

मी तिच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होते. जवळच्या मराठी शाळेत शिक्षिका होते, त्यामुळे माझं नाव गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे मला टीचर म्हणत. फिलूमावशीही टीचर म्हणायची, पण तिच्या तोंडी ते मास्तरीण रागावल्यासारखं यायचं. ती सगळ्यांशीच रागावल्यासारखी बोलायची. "जेवलात का?" हेही ती असं विचारायची, की न जेवलेल्या माणसाने माफी मागावी.

साठीची, ठेंगणी, रंगाने सावळी. घरात मॅक्सी आणि त्यावर नवऱ्याचा जुना खाकी शर्ट. शर्टाच्या एका खिशात जपमाळ आणि दुसऱ्यात पक्कड. केसांच्या पिना केसांत कधी नसायच्या, तोंडात असायच्या. त्यामुळे दुपारभर ती दात मिटून बोलायची. त्या पिनांनी तिने माझ्या पायातला काटा काढला आहे, गॅसच्या शेगडीची भोकं साफ केली आहेत आणि शाळेच्या कपाटाची किल्ली हरवली तेव्हा कुलूपही उघडून दिलं आहे. तिने पिना शर्टाला पुसून परत दातांत धरल्या आणि म्हणाली, "मानसानेच बसवलंय ना? मग मानसाला काढता येतं." हे तिचं ठरलेलं वाक्य. कुकरचं झाकण असो, नळ असो, नाहीतर माझ्या मोबाइलवर हटून बसलेलं हजेरीचं ॲप असो. हजेरीच्या ॲपपुढे मात्र तिनेही हात टेकले. "हे मानसाने केलेलं नाय," असं म्हणून तिने मोबाइल माझ्या हातात दिला.

तिचा नवरा पास्कलकाका. काकांची एक जुनी पांढरी पेट्रोलची गाडी होती. रुंद बॉनेटची, किल्लीनेही आणि पुढून हँडल मारूनही चालू होणारी. ती लग्नाची गाडी. आमच्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या निम्म्या नवऱ्या त्या गाडीतून चर्चच्या दारात उतरल्या. काका स्वतः चालवायचे, पांढरा शर्ट आणि पांढरी टोपी घालून. चर्च आलं की उतरून मागचं दार धरायचे आणि नवरीला म्हणायचे, "हळू." झग्याचा घेर दारात अडकू नये म्हणून. हा शब्द त्यांनी जन्मभरात हजारदा तरी उच्चारला असेल. फिलूमावशी स्वतः मात्र लग्नाला चालत गेली होती, कारण तेव्हा गाडी नव्हती. हे ती दर लग्नसराईत एकदा तरी काकांना ऐकवायचीच.

मी राहायला गेले त्याच वर्षी गाडी टकटक आवाज करायला लागली. मधूनच दम लागल्यासारखी अडखळायची. काकांनी बॉनेट उघडून कान लावला आणि म्हणाले, "वालाची स्प्रिंग तुटली. रविवारी चर्चात मिस्सा झाली की खोलू." शनिवारी सकाळी तोंड धुता धुता ते मोरीत कोसळले.

इस्पितळातून घरी आले तेव्हा उजवी बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती. फक्त एक शब्द उरला होता. "हळू." डॉक्टर म्हणाले, असं होतं, सगळे शब्द जातात आणि एखादाच जिभेवर अडकून राहतो. पाणी हवं असलं तरी हळू, उशी नीट नसली तरी हळू, माशी बसली तरी हळू. आधी त्यांनी तो शब्द निरनिराळ्या सुरांत वापरून बघितला. मग कंटाळले. एक दिवस त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि पेजेचा चमचा ओठांशी आला की ते दात मिटून घ्यायला लागले. डॉक्टरांनी फिलूमावशीला व्हरांड्यात बोलावून सांगितलं, "औषध मी देतो. पण त्यांना जगायचंय का, ते माझ्या हातात नाही."

त्या दुपारी ती माझ्या पायरीवर येऊन बसली. तोंडात पिना नव्हत्या, तेव्हाच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

"टीचर, त्याला काय पायजे ते मना ठाऊक हाय," ती म्हणाली. "रविवारी गाडी खोलायची होती. ती राहिली. तो आवाज त्याच्या कानात बसलाय. गाडी चालू झाली पायजे. त्याने ऐकली पायजे."

मला ते वेडेपण वाटलं. तसं मी बोलूनही दाखवलं. ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी तिने नालासोपाऱ्याहून एक मेकॅनिक आणला. त्याने बॉनेटमध्ये डोकावून इंजिन दोनदा फिरवलं आणि मान हलवली. "मौसी, इसका हेड खोलना पडेगा. खोला तो और दस चीज निकलेगी. भंगार में दे दो." मुलगा मेल्विन कॅनडाहून फोनवर तेच म्हणाला. फिलूमावशी त्याला म्हणाली, "भंगारवाला येईल तेव्हा मना पन घेऊन जायला सांग." आणि फोन ठेवला.

वाट दाखवली ती समुद्रकाठच्या कळंबच्या जनाबाईने. जनाबाई आठवड्यातून दोनदा मासळीची पाटी घेऊन यायची. तिचा मुलगा बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. फिलूमावशीने बोंबील निवडता निवडता सगळं गाऱ्हाणं तिला सांगितलं. पुढच्या खेपेला जनाबाईने पाटी उतरवायच्या आधीच सांगायला सुरुवात केली.

"माजा पोरगा सांगतो, हेड नको खोलू. पलग काढ आनि त्या भोकातून दोरी कोंब आत. मग हँडल मार. पिस्टन दोरीला वर ढकलंल आनि ती वालाला खालून धरून ठेवंल. वाल आत परनार नाय. मग वरून स्प्रिंग दाबायची नि काढायची."

"दाबायची कशाने?" फिलूमावशीने विचारलं.

"तां तुजा तू बघ," असं म्हणून जनाबाईने बोंबील मोजायला घेतले.

पलग म्हणजे स्पार्क प्लग आणि वाल म्हणजे वॉल्व्ह, इंजिनातली झडप. वॉल्व्हची स्प्रिंग ही काय चीज आहे, ते मला तेव्हा समजलं. अंगठ्याएवढी जाड आणि हट्टी. तिच्या टोकावर एक टोपी असते आणि टोपीत हरभऱ्याच्या डाळीएवढ्या दोन चकत्या. त्यांना लॉक म्हणतात. स्प्रिंग दाबून धरली तरच ती लॉकं सुटतात, आणि दाबणारा जरा ढिला पडला की ती कुठे उडतील त्याचा नेम नाही. गॅरेजमध्ये त्यासाठी हत्यार असतं, पण ते हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, काढून बाहेर टेबलावर ठेवल्यावर वापरायचं. हेड जागेवर ठेवून दाबायचं हत्यार कुणाकडेच नव्हतं.

पहिला बळी गेला चकलीच्या सोऱ्याचा. तो वाकला तो वाकलाच, त्या वर्षी घरात चकली झाली नाही. दुसरा प्रयोग मेल्विनच्या जुन्या सायकलीवर झाला. पुढच्या चाकाला धरून ठेवतो तो दोन पायांचा चिमटा तिने कापून आणला, नाक्यावरच्या ग्रिलवाल्याकडून त्याला पंपाच्या दांड्याचा लोखंडी पाइप जोडून घेतला आणि इंजिनावरच्या बोल्टांना एक जाड पट्टी बसवून चिमट्याची टाच त्या पट्टीखाली अडकवली. पाइप खाली दाबला की चिमट्याचे दोन पाय टोपीच्या दोन बाजूंनी स्प्रिंग दाबतात आणि मधल्या फटीतून लॉक दिसतं. जनाबाईने ते बघून कपाळाला हात लावला. "बाय, ही तं चिंबोरी!" तेव्हापासून त्या हत्याराचं नाव चिंबोरी पडलं. खरोखरच ते नांगी वर करून बसलेल्या खेकड्यासारखं दिसायचं.

चिंबोरीचा पहिला दिवस फसला. चिमटा घसरला, स्प्रिंग उडाली आणि एक लॉक केळीच्या वाफ्यात जाऊन पडलं. चिखल, पालापाचोळा आणि त्यात डाळीएवढा लोखंडाचा तुकडा! फिलूमावशी गुडघ्यांवर बसून हाताने चिखल चाचपत होती आणि सेंट अँथनीला नवस बोलत होती. हरवलेल्या वस्तूंचं खातं त्याच्याकडे. मी शाळेत जाऊन विज्ञानाच्या पेटीतलं चुंबक घेऊन आले. अर्ध्या तासात लॉक चुंबकाला चिकटून वर आलं. नवसाची मेणबत्ती तिने लावली ती अर्थातच सेंट अँथनीला. मला एक केळफूल मिळालं.

हे सगळं चालायचं ते पडवीसमोर, फणसाखाली. आणि पडवीतल्या खिडकीच्या आत काकांचा पलंग होता. तिने तो मुद्दाम सरकवून खिडकीला लावला होता. काकांचं तोंड भिंतीकडेच होतं, पण लोखंडाचा आवाज भिंतीकडे तोंड करूनही ऐकू येतो. तिसऱ्या दिवशी ती पाइपवर सगळा भार टाकून स्प्रिंग दाबत होती आणि दुसऱ्या हाताने पिनेने लॉक काढत होती. लॉक निघालं आणि ती पाइप सोडणार, इतक्यात खिडकीतून आवाज आला.

"हळू!"

आम्ही दोघींनी वर बघितलं. काकांनी तोंड फिरवलं होतं. डावा हात गजातून बाहेर काढून ते हवेत पाइप कसा सोडायचा ते दाखवत होते. थोडा, अजून थोडा, मग सगळा. फिलूमावशीने तसाच सोडला. स्प्रिंग एखाद्या शहाण्या पोरासारखी वर आली आणि जागेवर राहिली. तिने खाकी शर्टाच्या बाहीला नाक पुसलं आणि जनाबाईच्या मुलाने आणून दिलेली नवी स्प्रिंग हातात घेतली. मी मात्र मोठ्याने रडले. मला ते लपवता आलं नाही.

त्यानंतर तो शब्द रोज कामाला आला. दोरी कोंबताना हळू म्हणजे अजून थोडी. हँडल मारताना हळू म्हणजे थांब, पिस्टन वर आला. लॉक बसवताना लांबवलेला हळू म्हणजे शाबास. दोन तुटक्या स्प्रिंगा होत्या, पण चिंबोरी हाती आल्यावर तिने आठही बदलल्या. निघालेला प्रत्येक नट इडलीपात्रात आपापल्या खळग्यात बसायचा. रात्री पात्र धुऊन ठेवलं जायचं, असं ती शपथेवर सांगायची.

गाडी चालू करायच्या दिवशी जनाबाई आली, चार शेजारी आले. फिलूमावशीने हँडल मारलं. तिसऱ्या फटक्याला इंजिन पेटलं आणि पुढच्याच क्षणाला मागच्या नळीतून धुराचा असा लोट आला, की फणस दिसेनासा झाला. धूर पांढरा आणि वास वाडीत पाचोळा जाळल्याचा.

जनाबाई नाकाला पदर लावून ओरडली, "कंची दोरी घातलीस गो?"

"सोपटाची," फिलूमावशी म्हणाली.

वाडीतल्या बाईच्या हाताला दुसरी कुठली दोरी लागणार? वाळलेल्या केळीच्या सोपटाने इथे भाजीची जुडी बांधतात, विड्याची पानं बांधतात, मोडलेली फाटकं बांधतात. तिने इंजिनही त्यानेच बांधायला घेतलं. सोपटाची एक बट तुटून आत राहिली होती आणि ती आता गाडीच्या पोटात जळत होती. ती बट जळून जाईपर्यंत गाडी धूर ओकत राहिली. शेजारी खोकत पळाले.

आणि खिडकीतून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं काकांना धूर लागला. फिलूमावशी धावत पडवीत गेली. काका हसत होते. अर्धा चेहरा हसत होता, अर्धा होता तसाच होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि डावा हात पलंगावर थापटत होता. त्यांना बघून तीही हसायला लागली. मग धूर ओसरला आणि इंजिनाचा आवाज मोकळा झाला. टकटक गेली होती. काकांनी बोट वर केलं, कान दिला आणि म्हणाले, "हळू." रेस जास्त होती. तिने जाऊन स्क्रू फिरवून कमी केली. त्या दुपारी त्यांनी दोन वाट्या पेज घेतली. तिसरी मागितली, तीही त्याच शब्दात.

आता एक सांगायचं राहिलं. फिलूमावशीला गाडी चालवता येत नव्हती. इंजिन उघडून जोडणाऱ्या या बाईने कधी गिअरला हात लावला नव्हता, आणि लावणारही नव्हती. "तो असताना मी कशाला चालवू?" हे तिचं उत्तर. मग रोज संध्याकाळी आम्ही दोघी काकांना प्लॅस्टिकच्या खुर्चीतून उचलून गाडीत बसवायचो, स्टिअरिंगपुढे, त्यांच्या जागेवर. ते डावा हात चाकावर ठेवायचे. फिलूमावशी शेजारी बसून किल्ली फिरवायची. गाडी जागची हलायची नाही. इंजिन चालू असायचं, बॉनेट थरथरायचं आणि ही पुढे बघून सांगत राहायची.

"गिरीज सोडलं हां. हे बघ, त्यांनी वाडी विकली, बिल्डिंग होनार. आता सोपारा आलं, गर्दी बघ किती. जरा थांब, बस जाऊ दे... हां, आता कळंब. वारा आला का?"

काका मान डोलवायचे. कळंबला ती दोघं जरा वेळ समुद्र बघत बसायची. मग तितकाच वेळ घेऊन परत यायची, तेव्हाच किल्ली बंद व्हायची. जाताना वाटेत उतरलेलं तिला चालायचं नाही. रस्त्यावरून जाणारी माणसं आधी हसली. मग "आज कुठे?" असं विचारायला लागली. "केळव्याला," ती ठसक्यात सांगायची. एका रविवारी तर ती दोघं गोव्याला गेली आणि रात्रीचं जेवण चुकलं.

अशी दोन वर्षं गेली. मग एका पहाटे काका झोपेतच गेले. तिने मला उठवलं तेव्हा तिच्या तोंडात पिना होत्या. त्या तशाच धरून ती मला म्हणाली, "टीचर, त्याचा हात अजून गरम हाय. बघा."

अंत्यविधीला आलेला मेल्विन महिन्याच्या मिस्सेनंतर कॅनडाला परत गेला आणि गाडी पुन्हा टकटक करायला लागली. एक स्प्रिंग गेली होती. फिलूमावशीने चिंबोरी काढली आणि पहिल्यांदा मला म्हणाली, "टीचर, पाइप तुम्ही धरा. दोन्ही कामं आता मना नाय जमत." तोवर माझं काम टॉर्च धरण्यापुरतंच होतं. मी पाइपवर ओणवी झाले. तिने पिनेने लॉकं काढली, नवी स्प्रिंग घातली, ग्रीस लावून लॉकं बसवली. आता पाइप सोडायचा होता. मी तिच्याकडे बघितलं. ती खिडकीकडे बघत होती. खिडकीत पडदा होता. मी पाइप तसाच दाबून धरला. तो शब्द यायला लागला असता तेवढा वेळ तिने जाऊ दिला. मग माझ्या मनगटावर हात ठेवला आणि हवेत जसं काका दाखवायचे तसं थोडं, अजून थोडं, मग सगळं, असं माझ्या हातून सोडवून घेतलं. लॉकं बसली. तिचा हात बराच वेळ माझ्या मनगटावर होता.

पुढच्या जूनमध्ये माझी बदली झाली. पालघरच्या पलीकडे. सामान आधी गेलं होतं, माझ्याकडे दोन बॅगा उरल्या होत्या. निरोप घ्यायला गेले तर फिलूमावशी धुतलेली मॅक्सी घालून, पावडर लावून गाडीशी उभी होती. खाकी शर्टही इस्त्री केलेला.

"चला, टेशनपर्यंत सोडते," ती म्हणाली.

तिची जागा डावीकडची, म्हणून मी बॅगा घेऊन पुढचं उजवीकडचं दार उघडायला गेले.

"तिथे नको. ती चालवनाऱ्याची जागा. मागे बसा."

मी मागे बसले, नवऱ्या बसायच्या तिथे. ती आपल्या डाव्या जागेवर बसली आणि हात लांब करून किल्ली फिरवली. इंजिन एका दमात चालू झालं. बॉनेट थरथरलं. समोर फणस होता, फणसाच्या बुंध्याशी कोंबड्या होत्या.

"गिरीज सोडलं," ती म्हणाली. "तुमची शाळा गेली बघा. पोरं हात करतात, तुम्ही पन करा." मी हात केला. "आता नाका. इथे मेली गर्दीच असते." ती थांबली. नाक्यावर जितकं थांबावं लागतं, तितकी थांबली. मग शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळून म्हणाली, "हळू. टीचर बसल्यात मागे."

मला काही दिसेना. मी रुमाल काढला. ती पुढेच बघत होती.

"आलं टेशन," ती म्हणाली. "उतरा. बॅग विसरू नका. पोचल्यावर जेवा."

ते जेवा तिने नेहमीसारखंच रागाने सांगितलं. मी उतरले, खिडकीतून तिचा हात हातात घेतला, सोडला आणि दोन्ही बॅगा उचलून रिक्षा बघायला नाक्याकडे चालू लागले. वळणावर मागे वळून बघितलं. इंजिन चालूच होतं. मला सोडून तिला अजून घरी परत जायचं होतं.